कोंडलं तर फोन कर

कडी वाजली. मला वाटलं, शिपाई चहा घेऊन आला असेल. मग कुलूप लागल्याचा खटका ऐकू आला आणि पाठोपाठ बाहेर घोषणा सुरू झाल्या, "घोडकेबाई मुर्दाबाद." मी तेव्हा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला लाखेचं सील करत होते. हातातली कांडी मेणबत्तीवर तशीच राहिली आणि लाखेचा एक थेंब मनगटावर पडला. तो डाग अजून आहे.

मी त्या वर्षी शेवाळीच्या कॉलेजात प्रभारी प्राचार्य होते. प्रभारी म्हणजे खुर्ची प्राचार्याची, पगार प्राध्यापकाचा आणि शिव्या दोघांच्या वाटणीच्या. शेवाळी हे गोदावरीच्या अलीकडचं तालुक्याचं गाव. कॉलेजात पुरुष प्राध्यापक पुष्कळ होते, पण ती खुर्ची तेव्हा कुणालाच नको होती, म्हणून ती फिरत फिरत माझ्यापाशी आली. "घोडकेबाई, सांभाळा थोडे दिवस," असं संस्थेचे सचिव म्हणाले होते. मी वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई. दुसऱ्याला घाबरवणं मला जन्मात जमलं नाही. स्वतः घाबरणं मात्र फार चांगलं जमायचं.

भांडण कशाचं होतं ते सांगते. परीक्षा चालू होत्या. आदल्या दिवशी दीपाली ढवळे नावाच्या आमच्या नव्या प्राध्यापिकेनं एका वर्गात कॉप्या पकडल्या. दीपाली तासिका तत्त्वावर होती. म्हणजे तास घेतला तर पैसे, आणि पुढच्या वर्षी बोलावणं येईल की नाही ते संस्थेच्या मर्जीवर. तरी ती पोरगी हटली नाही. पोरांनी डोळे वटारले, तरी कॉप्या घेऊन थेट माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. केंद्रप्रमुख मीच, म्हणून मी रीतसर अहवाल विद्यापीठाला पाठवला. त्या पोरांत संग्रामचा धाकटा भाऊ होता. संग्राम आमचा विद्यार्थी नेता. तो विद्यार्थी कधी होता हे त्यालाही आठवत नसावं, पण नेता पक्का होता.

दाराखालून एक कागद आत सरकला. मी वाकून उचलला. टाईप केलेला होता. पर्यवेक्षिका प्रा. ढवळे यांनी वैयक्तिक आकसापोटी खोटी तक्रार केल्याचं माझ्या निदर्शनास आलं असून मी अहवाल मागे घेत आहे, असं त्यात होतं. खाली माझं नाव आणि सहीपुरती जागा.

"मॅडम, सही करा आन घरी जावा," संग्राम दाराबाहेरून म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "आमचं तुमच्यासंगं काही वाकडं न्हाई."

"आणि ढवळे मॅडमचं काय?"

"तिचं आम्ही बघतो."

मी सही केली की दीपाली खोटी ठरणार, संस्था तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवणार, आणि रस्त्यात तिला गाठायला ही पोरं मोकळी. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख दिसलं. पण मी शूरबिर झाले असं कुणी समजू नये. मी खुर्चीत बसले ती उठायचं त्राण नव्हतं म्हणून.

कुणीतरी मेन स्विच पाडला. पंखा गरगरत मंद झाला आणि थांबला. एप्रिलचा महिना, वर पत्रा. टेबलावरचा फोन उचलला तर तो मुका. पर्समधला मोबाईल काढला आणि सचिवांना लावला.

"साहेब, मला केबिनमध्ये कोंडलंय."

"कळलं मला," सचिव म्हणाले. "पोरं आहेत मॅडम. गरम रक्त. सही करून मोकळं व्हा, मागाहून बघू काय करायचं ते."

"मागाहून काय बघणार साहेब?"

"तुम्ही फार ताणता बुवा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

उपप्राचार्य लोमटे सरांना लावला. ते बँकेत होते. कॉलेजात काही पेटलं की लोमटे सर नेहमी बँकेत असायचे. पोलीस ठाण्यात लावला. तिकडून कुणीतरी म्हणालं, "कॉलेजचं आपसातलं हाय मॅडम, घ्या मिटवून. गाडी बंदोबस्ताला गेलीय, आली की धाडतो." नवरा नांदेडला बँकेत होता. त्याला लावला नाही. तो म्हणाला असता, सोड ती नोकरी. आणि त्या घटकेला मी सोडली असती.

खिडकीला पडदा नव्हता. गजांमागं तोंडं गोळा झाली. माझ्याच वर्गातली तोंडं, ज्यांना मी शेवाळ आणि बुरशी यांतला फरक समजावता समजावता थकले होते. एकजण काठीनं गज वाजवत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. मध्येच वरच्या झडपेची काच फुटली आणि तुकडे उत्तरपत्रिकांवर पडले. घशाला नुसती कोरड पडली. टेबलावर पाण्याचा तांब्या होता. मी तोंडाला लावला आणि रिकामा केला.

आता इथं एक गोष्ट सांगावी लागेल. हिची मला पूर्वी लाज वाटायची, आता वाटत नाही. आमच्या कॉलेजात बायकांचं स्वच्छतागृह मैदानाच्या पार पल्याड होतं. तिकडं जायचं म्हणजे कँटीनवरून, कट्ट्यावर बसलेल्या पोरांसमोरून जायचं. म्हणून आम्ही बायका दिवसभर पाणीच पीत नसू. घरून निघताना दोन घोट, मग थेट घरी. प्राचार्यांच्या केबिनमध्ये ढाली होत्या, फोटो होते, पृथ्वीचा गोल होता, पण मोरी नव्हती. आधीचे सगळे प्राचार्य पुरुष. त्यांचं कंपाउंडच्या भिंतीवर भागायचं. आणि मी बावळटासारखी, भीतीपोटी, तांब्याभर पाणी पिऊन बसले होते.

आधी वाटलं, भीतीनं होतंय, जाईल. नाही गेलं. मी पायावर पाय टाकून बसले. खिडकीतली पोरं पाहत होती, म्हणून उठून फेऱ्या मारायचीही सोय नव्हती. आणि तेवढ्यात बाहेरून संग्रामचा आवाज आला. तो माझ्याशी बोलत नव्हता, आपल्या पोरांशी बोलत होता.

"घाई करू नका रे. बाईमाणूस हाय. संध्याकाळच्या आत सोताहून सही करंल."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. तेव्हा मला कळलं की ह्यांना ठाऊक आहे. कुलूप, पंखा, काच हे सगळं वरवरचं. ते वाट पाहत होते ती ह्याचीच.

एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. मारलं असतं तर मी कदाचित रडून-ओरडून सहन केलं असतं. पण ह्या खिडकीसमोर, ह्या पोरांसमोर ते होणार, आणि उद्या मी वर्गात उभी राहणार, हा विचारच सहन होईना. मी कागद पुढं ओढला. पेनाचं टोपण काढलं. मनातल्या मनात दीपालीची माफीही मागून झाली.

आणि मग मला तौरबाई आठवल्या.

इंदुमती तौर पलीकडच्या तालुक्यातल्या कॉलेजात प्राचार्य होत्या. त्यांचं नाव आमच्याकडे चांगलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्यांनाही पोरांनी असंच कोंडलं होतं, आणि त्यांनी सही करून दिली होती. बाईनं पैसे खाल्ले, असं सगळा जिल्हा म्हणायचा. विद्यापीठाच्या बैठकीला आम्ही दोघीतिघीच बायका. शेवटच्या रांगेत बसायचो, तरी तौरबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. गेल्या बैठकीला दुसरी जागाच नव्हती म्हणून मी तिथं बसले. बाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. "नवी का?" असं विचारलं. मग माझा मोबाईल मागून घेतला, त्यात आपला नंबर घातला, आणि म्हणाल्या, "कोंडलं तर फोन कर."

मला ते विचित्र वाटलं होतं. माणूस म्हणतो, काही लागलं तर कर, अडचण आली तर कर. कोंडलं तर, असं कुणी म्हणतं का?

मी नंबर लावला. पलीकडं लगेच उचलला.

"बाई, मी शेवाळीची घोडके."

"कोंडलंय?"

"हो."

"पाणी किती पिलीस?"

असा प्रश्न त्या वेळी कुणी विचारेल असं स्वप्नातही आलं नसतं.

"अगं पाणी. किती पिलीस?"

"तांब्याभर," मी म्हटलं, आणि माझा आवाज फुटला.

मग तौरबाई म्हणाल्या, "रडू नको. रडलीस की आवरता येत नाही. पेनाला टोपण लाव. मी निघाले."

पेन हातात आहे हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे. मी टोपण लावलं. त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मी सांगू शकणार नाही. दात आवळून बसले होते. सत्तावीसचा पाढा म्हणत होते आणि दर खेपेला मध्येच अडकत होते. काठी गजांवरून फिरतच होती.

मग बाहेर घोषणा एकदम खाली आल्या. जीप थांबल्याचा आवाज, आणि मग तौरबाईंचा तो घोगरा स्वर.

"कुलूप कुणाकडं हाय?"

"तुम्ही कोण?" संग्राम म्हणाला.

"मी इंदुमती तौर. प्राचार्य. ह्या नसीमा पठाण. ह्यांना तर तू वळखतोस."

नसीमा पठाण आमच्याच गावातल्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्य. मुलींच्या प्रवेशांवरून त्यांच्या आणि आमच्या कॉलेजची दर जूनमध्ये जुंपायची. लग्नकार्यात समोर आल्या तर आम्ही मान हलवायचो, तेवढंच. त्या माझ्यासाठी आल्यात हे मला खरंच वाटेना.

"मॅडम, तुम्ही ह्यात पडू नका," संग्राम म्हणाला. "कुलूप निघणार न्हाई."

"बाईला बाहेर काढ असं कुठं म्हणाले मी? आम्हाला आत जायचंय."

"आत?"

"आत. आम्ही गेलो की परत लाव कुलूप. जोरात लाव."

"आत गेलं की भायेर येता येणार न्हाई, मॅडम."

"माहीत हाय बाबा. म्हणून तर आले."

बाहेर कुजबुज झाली. "बादलीत काय हाय?" कुणीतरी विचारलं.

"जेवायचं हाय," तौरबाई म्हणाल्या. "कोंडलेल्या माणसानं जेवू नये का?"

कुलूप निघालं. दोघी आत आल्या. तौरबाईंच्या हातात एक निळी प्लास्टिकची बादली होती, झाकणाची, वर पंचा टाकलेला. मागून दार ओढलं गेलं आणि कुलूप पुन्हा लागलं. आता तिघी कोंडलेल्या. मला धीर यायला हवा होता, पण खरं सांगते, ते दुसऱ्यांदा लागलेलं कुलूप ऐकून मी जास्त घाबरले. आता माझ्या पायी ह्या दोघीही अडकल्या.

तौरबाई माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. सरळ लोखंडी कपाट उघडलं. त्यात सत्काराच्या शालींची चळत होती. महिला दिन झाला की आम्हा बायकांना बोलावून शाल-श्रीफळ द्यायची सगळ्या जिल्ह्याला हौस. नारळ खाऊन संपायचे, शाली तशाच पडून राहायच्या. बाईंनी दोन मोठ्या शाली उपसल्या. एकीचं टोक कपाटाच्या दारात अडकवलं, दुसरं नसीमाबाईंच्या हातात दिलं. दुसरी शाल स्वतः धरली. कोपऱ्यात आडोसा झाला. बादली आत सरकवली आणि मला म्हणाल्या, "जा."

"बाई, खिडकीत पोरं आहेत."

"आमच्या पाठी त्यांच्याकडं हायत. जा म्हणते ना."

"आवाज येईल."

तेव्हा नसीमाबाई पहिल्यांदा बोलल्या. "तो बंदोबस्त मी करते," म्हणाल्या, आणि एका हातानं शाल धरून दुसऱ्या हातानं टेबलावरची घंटी दाबायला लागल्या. ठणठण, ठणठण, थांबेचनात.

"काय पायजे, मॅडम?" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

"शिपाई येतो का बघतेय," नसीमाबाई तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या. "प्राचार्यांनी घंटी वाजवली की शिपाई यायला पाहिजे, तुमच्या कॉलेजात तशी पद्धत नाही का?"

मी शालींच्या मागं होते. डोळ्यांना धार लागली होती आणि त्यातच मला हसू येत होतं. आवाज घंटीत बुडून गेला.

मी बाहेर आले. तौरबाईंनी बादलीला झाकण लावलं, वर पंचा टाकला, आणि हाताला धरून मला खुर्चीत बसवलं. स्वतः समोर बसल्या. नसीमाबाईंनी पिशवीतून धपाटे काढले. कुणी विचारलं तर जेवण दाखवायला हवं ना.

"बाई," मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं? फोनवर पाण्याचं पहिलं कसं विचारलंत?"

तौरबाईंनी धपाट्याचा तुकडा मोडला. तोंडात न घालता हातातच धरला.

"मला कोंडलं तेव्हा सकाळची वेळ होती," त्या म्हणाल्या. "दुपार टळली. मी कुणाकुणाला फोन केले. बाया होत्या त्यांनाही केले. सगळ्या म्हणाल्या, आमची संस्था ओरडंल. मग होऊ नये ते झालं. खुर्चीतच. साडी फिकट होती. पोरं खिडकीत येतील म्हणून मी ओरडले, आणा कागद, सही करते. दाराच्या फटीतून कागद घेतला, बसल्या बसल्या सही केली. दार उघडलं तरी उठले नाही. पार अंधार पडल्यावर उठले."

नसीमाबाईंनी हातातला धपाटा खाली ठेवला.

"पण लोक म्हणतात, तुम्ही पैसे..."

"म्हणू दिलं," तौरबाई म्हणाल्या. "मीच एकदोघांना तसं वाटू दिलं. पैसे खाल्ले म्हटलेलं बरं वाटलं ग, त्यापरीस."

असं म्हणून त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला आणि चावत बसल्या. मी त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्च्या आठवत राहिले. त्यातली एक मीही रिकामी सोडली होती.

भीती गेली म्हणाल तर गेली नव्हती. मध्येच दारावर लाथा बसत, आणि तिघीही दचकत. तौरबाईसुद्धा. पण आता ती वाटून घेतलेली होती. थोड्या वेळानं बाई दारापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "संग्राम, आमचं इथं झकास चाललंय. घाई करू नको. रात्रभर बसू. उद्या तीन कॉलेजांत पेपर हायत आन तिन्ही केंद्रप्रमुख तुझ्या कुलपात हायत, एवढं फक्त ध्यानात ठेव."

हे गणित त्यांनी मांडलं नव्हतं. एक बाई कोंडली तर ते तिचं दुखणं. तीन कॉलेजांचे पेपर अडले तर तीन संस्था जाग्या होतात. तसंच झालं. माझा मोबाईल वाजला. सचिव होते, आणि आवाजाचा पार भुगा झालेला.

"अहो घोडकेबाई, तौर मॅडम तुमच्याकडं कशा? त्यांच्या अध्यक्षांचा फोन आलाय. पठाण मॅडमच्या संस्थेचाही आलाय. काय चाललंय काय तिथं?"

"काही नाही साहेब," मी म्हटलं. "आम्ही जेवतोय."

दिवस मावळायच्या आत सचिव स्वतः आले. पोलिसांची गाडीही बंदोबस्तावरून अचानक सापडली. कुलूप निघालं. संग्राम दारात उभा होता. त्यानं आधी कागदाकडं पाहिलं. सहीची जागा कोरी होती. मग माझ्याकडं पाहिलं, आणि मी नजर खाली घातली नाही. एवढंच मला त्या दिवशी स्वतःहून जमलं.

तौरबाई बादली उचलून बाहेर पडल्या. वय झालेलं, बादली जड. आणि पहा, घरचे संस्कार कसे आडवे येतात. संग्राम पटकन पुढं झाला. "द्या मॅडम, मी धरतो," म्हणाला.

"धर बाबा," तौरबाई शांतपणे म्हणाल्या. "त्या तिकडं, मैदानापल्याड, बायकांच्या संडासापाशी नेऊन ठेव. हिंदकळू देऊ नको."

तो बिचारा सगळ्यांच्या देखत दोन्ही हातांनी बादली सांभाळत मैदान ओलांडून गेला. अर्ध्या वाटेवर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण तो थबकला. पण तेव्हा खाली ठेवायचीही सोय नव्हती. नसीमाबाईंनी पदर तोंडात कोंबला होता.

दीपालीची नोकरी त्या वर्षी टिकली. माझी खुर्ची टिकली नाही, जूनमध्ये ती लोमटे सरांना मिळाली. मला त्याचं फारसं दुःख झालं नाही. आम्ही तिघी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी भेटायला लागलो. तिघींच्या सहा झाल्या, मग मोजणं सोडलं. आता त्याला मोठं नाव आहे, बॅनर आहे, सनई लावून अधिवेशनं होतात, आणि नेतृत्वगुणांवर व्याख्यानं देणाऱ्या बायका मुंबईहून येतात. चांगलंच आहे ते. पण नवी कुणी प्राचार्य झाली की तिच्या हारतुऱ्यांत आमची एक भेट असते. निळी, झाकणाची. ती हसते. आम्ही हसत नाही. तौरबाई गुडघ्यांनी घरी बसल्या, तरी रंग निळाच आहे ना, हे त्या अजून फोन करून विचारतात.

गेल्या पावसाळ्यात मी माडीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा फोन वाजला. दीपाली होती. ती आता आमच्याच कॉलेजात प्राचार्य आहे, प्रभारी नाही, चांगली पक्की. आवाज मात्र तोच, त्या दिवशीच्या माझ्यासारखा.

"मॅडम, बाहेर जमाव आलाय. दाराला बाहेरून कडी घातलीय."

माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनीही येतो. मी हातातला टॉवेल तसाच कठड्यावर टाकला, जिना उतरता उतरता नसीमाबाईंना हाक मारायचं ठरवलं, आणि पायात चपला सरकवत विचारलं, "पाणी किती प्यायलीस?"

"घोटभर पण नाही, मॅडम. भीती वाटते."

"पोटभर पी," मी म्हटलं. "आम्ही निघालो."